द्राक्षभूमीची पहिली यात्रा : लोणारहून नाशिकपर्यंतचा एक बेत

यात्रा आपल्या लोकांस नवी नाहीं. पंढरपूर, त्र्यंबकेश्वर, काशी ह्या वाटा आपल्या वाडवडिलांच्या पायांखालीं रुळलेल्या आहेत. आणि आम्हां लोणारकरांच्या तर दारींच यात्रेकरू येतात. परंतु केवळ एका फळाचें व त्या फळापासून होणाऱ्या पेयाचें माहेर पाहण्याकरितां सहकुटुंब प्रवासास निघावें, ही कल्पना आमच्या घरांत अगदींच नवी होती. येत्या माघांत नाशिककडील द्राक्षांचे मळे आणि तेथील वाइनचे कारखाने पाहून यावे, असा बेत तरुण मंडळींनीं काढला. आणि इतिहासाचीं चार पुस्तकें चाळणारा म्हणून त्याची आंखणी माझ्याकडे आली.

बेत कानांवर येतांच आत्याबाईंनीं एकच प्रश्न केला. “अरे, दारूच्या गांवीं बायकामुलें घेऊन जायचें, तें काय पाहायला?” आत्याबाईंचें वय सत्तरीच्या पुढें गेलें आहे. त्यांचें सारें आयुष्य कोरडवाहू शेतीच्या धाकांत गेलें. कापसाच्या भावावर दिवाळी कशी ठरते हें त्या जाणतात, आणि दारूनें मोडलेले संसार त्यांनीं शेजारच्या भिंतीपलीकडून ऐकिले आहेत. असा प्रश्न हंसण्यावारी नेतां येत नाहीं. “इतिहास पाहायला,” असें उत्तर मीं दिलें खरें. परंतु तें खरें करून दाखविण्याची जबाबदारी त्याच क्षणीं माझ्यावर येऊन पडली. पुढील आराखडा त्या जबाबदारींतून निघाला आहे. अशाच पहिल्या प्रवासाचा विचार करणाऱ्या इतर कुटुंबांसही त्याचा उपयोग होईल, अशा समजुतीनें तो येथें मांडीत आहें.

तसें पाहिलें तर तयारी सोपी आहे. लोणारहून नाशिक सुमारें साडेतीनशें किलोमीटर. डिसेंबर २०२२ मध्यें समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग खुला झाला. तेव्हांपासून मेहकर किंवा सिंदखेडराजा येथें त्या मार्गास लागावें आणि दुपारच्या जेवणास नाशिक गांठावें, इतकें तें सोपें झालें आहे. कारखान्याच्या दारांत तिकीट काढावें, वाटाड्याच्या मागून पोलादी पिंपें पाहावीं, चार पेल्यांतून चार घोट घ्यावे, मळ्यांत छायाचित्र काढावें आणि परतावें. फ्रान्सांतील बोर्दो किंवा बर्गंडी प्रांतांत जाणारा प्रवासीही बहुधा असेंच करितो, आणि तेथें तें चालून जातें. कारण तेथें द्राक्ष, वाइन आणि गांव हीं तिन्ही शतकानुशतकें एकत्र नांदत आलीं आहेत. एक नीट पाहिलें कीं उरलेलीं दोन आपोआप दिसतात.

महाराष्ट्रांत तसें घडलें नाहीं. आपल्याकडे वाइन आली ती परदेशच्या कुंभांतून, सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं. द्राक्षाच्या बागांची ठळक साक्ष मिळते ती सुमारें सातशें वर्षांपूर्वींची. आणि मळ्यांतील द्राक्ष व पेल्यांतील वाइन ह्यांची खरी गांठ पडली ती गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत. जें नातें इतकें अलीकडचें, तें केवळ कारखान्याच्या दिवाणखान्यांत बसून कळावयाचें नाहीं. म्हणून माझ्या आराखड्याचा पहिला निर्णय असा : जातांना जुन्या वाटेनें, एकेक टप्पा पाहत जावें, येतांना हवें तर समृद्धीनें यावें.

आरंभ मात्र आपल्याच उंबऱ्यापासून केला पाहिजे. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं दख्खनवर लाव्हाचे थरावर थर पसरले. त्यांतूनच नाशिकचे डोंगर झाले आणि लोणारची भूमि झाली. पुढें ह्या काळ्या खडकावर उल्का आदळून आमचें विवर पडलें. त्याचा व्यास सुमारें १.८ किलोमीटर आणि खोली सुमारें दीडशें मीटर आहे. आर्गॉन वायूच्या मोजणीवरून त्याचें वय सुमारें पांच लक्ष सत्तर हजार वर्षें काढलेलें आहे. विवरांतील पाणी खारें व क्षारयुक्त. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फज्लनें लिहिलेल्या ‘ऐने-अकबरी’ ग्रंथांत वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनांत लोणारचें नांव आहे. हें मोठें पुण्यक्षेत्र असून ब्राह्मण त्यास विष्णुगया म्हणतात, आणि येथील सरोवरापासून कांच व साबण करण्याचीं द्रव्यें मिळतात, असें तो सांगतो. म्हणजे आमच्या भूमीची ख्याति खाराची. द्राक्षवेलीस खारवट जमीन मानवत नाहीं. तिला पाणी हवें, पण तें मुळांशीं सांचून चालत नाहीं. मुरमाड उतार, खालून निचरा आणि जवळ धरणाचें किंवा विहिरीचें खात्रीचें पाणी, हें नाशिककडे जुळून आलें. खडक एकच असतां एका गांवाच्या वांट्यास खार आला आणि दुसऱ्याच्या वांट्यास साखर. निघण्यापूर्वीं सकाळीं विवराच्या कांठावर उभें राहून मुलांस एवढें दाखवावें. तो खडक त्यांस वाटेंत सर्वत्र पुन्हां भेटणार आहे.

आतां द्राक्षाकडे वळूं. वाइन तिच्या गांवाच्या नांवानें ओळखावी ही चाल फ्रेंचांची, असा आपला समज असतो. परंतु कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें प्रकरण आहे, त्यांत द्राक्षाच्या रसापासून झालेल्या मद्यास ‘मधु’ हें नांव देऊन तें ज्या देशांत होतें त्यावरून त्यास कापिशायन व हारहूरक म्हणतात, असें स्पष्ट सांगितलें आहे. कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेस आजचें बेग्राम आहे तेथील प्राचीन नगरी. तिच्या नांवापासून होणाऱ्या शब्दाकरितां पाणिनीनें स्वतंत्र सूत्र केलें आहे. यावरून दोन गोष्टी कळतात. द्राक्षभूमि ही कल्पना आपल्या ग्रंथांस परकी नाहीं. परंतु ती भूमि वायव्येच्या टोकास, दख्खनपासून फार दूर होती. शिवाय वैद्यकानें हा रस केव्हांच घराघरांत नेला आहे. धायटीचीं फुलें घालून, आंबवून केलेलें द्राक्षासव आत्याबाईंच्या फडताळांत नेहमीं असतें. आंबवण्यानें त्यांत मद्यार्क आपोआप उत्पन्न होतो, हें मीं एकदां त्यांस सांगितलें. “चमच्यानें घेतात तें औषध, आणि पेल्यानें घेतात ती दारू,” असा त्यांनीं निकाल दिला. मात्रेचा हा विचार आयुर्वेदाच्या दृष्टीनें कांहीं चुकीचा नाहीं.

दख्खनमध्यें वाइन आली ती दुसऱ्या दिशेनें, समुद्रावरून. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास एका ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांचें वर्णन लिहून ठेविलें. ‘पेरिप्लस’ ह्या नांवानें तें प्रसिद्ध आहे. भरुकच्छ म्हणजे भडोच येथें उतरणाऱ्या मालाची यादी तो वाइनपासूनच सुरू करितो : इटलीची विशेष पसंत, तशीच लाओदिकियाची व अरबस्तानची. त्याच बंदराच्या संबंधांत त्यानें आपलीं दोन गांवें सांगितलीं आहेत. पैठण हें भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर हें तेथून पूर्वेस दहा दिवसांवर. आडवळणाच्या वाटांनीं गाड्या भरून पैठणचे मौल्यवान खडे व तेरचें कापड बंदरास जात असे. ज्या गाड्या खडे घेऊन उतरल्या त्या परत येतांना रिकाम्या येत नसाव्यात, हें समजावयास व्यापारीच असावें लागतें असें नाहीं. प्रवरेकांठच्या नेवासें येथें १९५४ ते १९५६ ह्या काळांत डॉ. सांकळिया ह्यांच्या मार्गदर्शनाखालीं उत्खनन झालें, त्यांत रोमन मद्यकुंभांचीं खापरें निघालीं. हिंदुस्थानांत सांपडलेलीं अशीं सर्वच खापरें रोमन नसून त्यांतील पुष्कळशीं इराणी आखाताकडील रांजणांचीं आहेत, असें पुढील संशोधकांनीं दाखविलें आहे. तरी नेवाशापर्यंत परदेशची वाइन चढून आली होती, ही गोष्ट त्यामुळें ढळत नाहीं.

ही पार्श्वभूमि मनांत ठेवून पहिल्या दिवशीं लोणार सोडावें. ही वाट नवी नाहीं. तेराव्या शतकांत चक्रधरस्वामी लोणारास राहिल्याचें लीळाचरित्रांत आहे, आणि येथून गोदावरीच्या खोऱ्याकडे महानुभावांचा राबता होता. सिंदखेडराजा येथें जिजाबाईंच्या जन्मस्थानाचें दर्शन घ्यावें, जालन्यास जेवण करावें, आणि छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वींचें औरंगाबाद, मागें टाकून संध्याकाळच्या आंत देवगिरीच्या पायथ्याशीं पोंचावें. किल्ला चढण्याची शक्ति ज्यांस असेल त्यांनीं चढावा. इतरांनीं खालींच बसून एका परदेशी पाहुण्याची आठवण करावी.

महंमद तुघलकानें १३२७ मध्यें दौलताबादेस राजधानी हलविली, हें सर्वांस ठाऊक आहे. त्याच्याच पदरीं कांहीं काळ काजी असलेला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धांत येथें आला होता. दौलताबादेंत द्राक्षें व डाळिंबें होतात आणि त्यांस वर्षांतून दोनदां फळ येतें, असें त्यानें आपल्या प्रवासवर्णनांत नमूद केलें आहे. जेथें वेलीस वर्षांतून एकदांच फळ येतें अशा देशांत वाढलेल्या माणसास हें आश्चर्य वाटणें साहजिक होतें. आणि त्याचें हें एक वाक्य आमच्या सबंध यात्रेची किल्ली आहे.

थंड देशांतील वेल हिवाळ्यांत पानें गाळून झोंपी जाते आणि वसंतांत जागी होते. दख्खनची वेल खऱ्या अर्थानें झोंपतच नाहीं. तिला तिच्या मर्जीवर सोडलें तर ती पावसाळ्यांत एक आंबट बहार देते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एक गोड बहार देते. आपल्या बागाइतदारांनीं ह्या स्वभावाशीं भांडण न करितां त्यास वळण लाविलें. एप्रिलमध्यें ते वेल जवळजवळ खोडापर्यंत कापतात, ही खरडछाटणी. त्या वेळीं फुटणाऱ्या काड्या उन्हांत पक्व होतात आणि त्यांच्या डोळ्यांत पुढील फळाचा गर्भ धरतो. नंतर ऑक्टोबरच्या सुमारास दुसरी छाटणी करितात. ती गोडी छाटणी. तिच्यामुळें फळ कोरड्या, थंड दिवसांत वाढतें आणि जानेवारी ते मार्चच्या दरम्यान तोडणीस येतें. छाटण्या दोन आणि पीक एक, अशी ही दख्खनची युक्ति आहे. बाहेरदेशींचें द्राक्षशास्त्र आहे तसें येथें उचलून आणतां येत नाहीं, ह्याचें कारण हेंच. आणि आमच्या प्रवासाचा मुहूर्त माघांतला असावा ह्याचेंही कारण हेंच : एरवीं गेल्यास मळा दिसेल, तोडणी दिसणार नाहीं.

दुसऱ्या दिवशीं वैजापूर, येवलें, विंचूर, निफाड ह्या मार्गानें नाशिकास जावें. येवल्यास बायकांचा वेळ पैठणीच्या मागांपाशीं जाईल, आणि तो जावा. कारण ज्या पैठणचा माल एके काळीं वाइन आणणाऱ्या बंदरास जात होता, त्याचेंच नांव त्या वस्त्रास आहे. पुढचें विंचूर हें पेशवाईंतील सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर ह्यांचें गांव म्हणून आपण वाचलेलें असतें. आतां त्या गांवाच्या नांवास दुसरीही एक ओळख आहे. महाराष्ट्र सरकारनें २००१ मध्यें द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें आणि वाइनच्या कारखान्यांकरितां दोन वसाहती आंखल्या : एक सांगली जिल्ह्यांत पलूसला, दुसरी येथें विंचूरला.

निफाडच्या पुढें दोन्ही बाजूंस मळे लागतील. येथें गाडी थांबवावी आणि हे बहुतेक मळे खाण्याच्या द्राक्षांचे आहेत, हें मंडळींस सांगावें. जुन्या काळीं ह्या भागांत भोकरी व फकडी ह्या जातींचीं द्राक्षें होत, देवगिरीकडे साहेबी व हबशी होत, आणि वेल पांगाऱ्याच्या खुंटावर चढवीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत थॉमसन ही बिनबियांची जात आली, तारांचे मांडव आले, आणि द्राक्ष परदेशीं जाऊं लागलें. म्हणजे सातशें वर्षें आपल्याकडे द्राक्ष हें फळ म्हणून वाढलें, फळ म्हणून विकलें गेलें. त्याचा बेदाणा झाला, आसव झालें. वाइन हा त्याचा धर्म नव्हता.

तो बदलला १९८० नंतरच्या दशकांत. पुणें जिल्ह्यांतील नारायणगांव येथें शामराव चौगुले ह्यांनीं फ्रेंच तज्ज्ञांच्या साहाय्यानें फेसाळ वाइन केली आणि ‘ओमर खय्याम’ ह्या नांवानें ती परदेशांतही विकली. पुढें नाशिकजवळ गोवर्धन येथें घरच्या जमिनींत राजीव सामंत ह्यांनीं वाइनचीं द्राक्षें लाविलीं. त्यांच्या ‘सुला’ कारखान्याची पहिली वाइन २००० मध्यें बाजारांत आली, आणि २००५ मध्यें तेथें पाहुण्यांकरितां चाखण्याचा दिवाणखाना उघडला. दिंडोरी, सांजेगांव, इगतपुरी ह्या बाजूंस एकामागून एक कारखाने निघाले. ‘नाशिक व्हॅली वाइन’ ह्या नांवाची भौगोलिक निर्देशनाची नोंदही झाली. कापिशायनाची ती जुनी रीत गोदेच्या खोऱ्यांत अशी उतरली.

येथें एक फरक ध्यानांत घेतला पाहिजे, कारण त्यांत शेतकऱ्याचें सारें दैव गुंतलें आहे. वाइनचें द्राक्ष निराळें. शेनिन ब्लां, सोव्हिन्याँ ब्लां, शिराझ, काबर्ने ह्या त्याच्या जाती. मणी लहान, साल जाड, पोटांत बिया. बाजारांत टोपली घेऊन बसलें तर गिऱ्हाईक त्यास हात लावीत नाहीं. खाण्याचें द्राक्ष एका व्यापाऱ्यानें नाकारलें तर दुसऱ्याकडे नेतां येतें. वाइनचें द्राक्ष कारखान्यानें नाकारलें तर तें मळ्यांतच राहतें. धोरणाच्या उत्साहांत अनेकांनीं असे मळे लाविले. मग २००८ मध्यें जगभर मंदी आली, त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलें ओस पडलीं, आणि वाइनचा खप घसरला. कारखान्यांत पिंपें भरलेलीं असतां नवीन माल घेणार कोण? पुढील दोन-तीन हंगामांत कित्येक शेतकऱ्यांनीं वाइनच्या वेली उपटून पुन्हां खाण्याचीं द्राक्षें लाविलीं. आज प्रवाशास जें देखणें दृश्य दिसतें, तें ह्या पडझडींतून उरलेल्यांचें आहे.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं प्रथम पांडवलेणीं म्हणजे त्रिरश्मि लेणीं पाहावीं; वाइनचा कारखाना दुपारनंतर. हा क्रम उलटा करूं नये, असा माझा आग्रह आहे. दहाव्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान ह्याचा जांवई उषवदात किंवा ऋषभदत्त ह्याचे लेख आहेत. त्यानें गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण दरमहा शेंकडा एक व्याजानें आणि एक हजार पाऊण व्याजानें कायमचे ठेविले, आणि त्यांतून भिक्षूंच्या वस्त्रांची सोय लाविली. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक येथें धर्मशाळा बांधल्याचें त्याच लेण्यांत सांगितलें आहे. बत्तीस हजार नारळीच्या झाडांचें दानही त्यांत आहे. द्राक्षवेलीचें नांव मात्र कोठेंच नाहीं. तिसऱ्या लेण्यांत गौतमीपुत्र सातकर्णीनें गोवर्धनच्या अमात्यास दिलेली आज्ञा कोरलेली आहे. हें गोवर्धन म्हणजे आजच्या नाशिकशेजारचें गोवर्धन-गंगापूर असें विद्वान मानतात. ज्या गांवच्या शिवारांत दुपारीं आपण वाइनचा मळा पाहणार, त्याचें नांव सकाळीं आपण सुमारें एकोणीसशें वर्षांच्या अक्षरांत वाचलेलें असतें.

आणि येथें पेरिप्लसचा धागा पुन्हां हातीं येतो. भडोचच्या मागच्या प्रदेशावर ज्या राजाचें राज्य त्यानें सांगितलें आहे, तो हाच नहपान असावा असें बहुतेक विद्वानांचें मत आहे. ह्या राजाकरितां म्हणून खास आणल्या जाणाऱ्या वस्तूंची त्यानें वेगळी यादी दिली आहे : मौल्यवान रुप्याचीं भांडीं, गाणारीं पोरें, अंतःपुराकरितां देखण्या मुली, उंची वाइन, तलम वस्त्रें आणि उटणीं. नाशिकच्या लेण्यांत ज्याच्या जांवयाचें नांव, त्याच्याच दरबारीं इटलीकडची वाइन येत होती. आणि त्या दरबारच्या गोवर्धनांत वाइन पिकावयास मध्यें जवळजवळ एकोणीस शतकें जावीं लागलीं. ह्या जुळणीचा मला इतका आनंद झाला कीं मी तसाच उठून आत्याबाईंस सांगावयास गेलों.

त्यांनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाल्या, “त्या यादींत पोरीही होत्या म्हणतोस. मग जुन्या काळीं येत होत्या म्हणून तेंही चांगलें का?”

मी निरुत्तर झालों. एखादी वस्तु प्राचीन आहे एवढ्यावरून ती आदरणीय ठरत नाहीं, हा इतिहासाचा पहिला धडा. आणि तो इतिहास शिकविणाऱ्यास विसरावयास वेळ लागत नाहीं. आत्याबाईंच्या बाजूसही इतिहास आहे, आणि तो ह्याच मातीचा आहे. मध्यप्रांत व वऱ्हाडांत मद्यनिषेधाचा कायदा १९३८ मध्यें झाला; मुंबई इलाख्याचा १९४९ चा कायदा आम्हांस पुढें लागू झाला. वर्धा जिल्ह्यांत १९७४ पासून आणि गडचिरोलींत १९९३ पासून दारूबंदी आहे; गडचिरोलीच्या बंदीमागें तेथील बायांची मोठी चळवळ होती. २७ जानेवारी २०२२ रोजीं मोठ्या किराणा-दुकानांतून वाइन विकूं देण्याचा निर्णय राज्याच्या मंत्रिमंडळानें घेतला, तेव्हां द्राक्ष-बागाइतदारांचें हित हें कारण देण्यांत आलें. संसारांचें हित हें कारण विरोधकांनीं दिलें. आणि तो निर्णय अंमलांत आला नाहीं. दोन्ही पक्ष शेतकऱ्याच्याच घरासंबंधीं बोलत होते. एकाच्या डोळ्यांपुढें मळ्यांत उभें राहिलेलें पीक होतें, दुसऱ्याच्या डोळ्यांपुढें घरीं वाट पाहणारी बाई. माझा आराखडा ह्या वादाचा निकाल लावूं शकत नाहीं. परंतु हा वाद बाजूस ठेवून केलेली यात्रा ही अर्धीच यात्रा होईल, एवढें मला पटलें आहे.

म्हणून आत्याबाईंनीं ज्या अटी घातल्या त्या मीं आराखड्यांत जशाच्या तशा उतरून घेतल्या आहेत, आणि पहिल्यानें जाणाऱ्या कोणत्याही कुटुंबानें त्या पाळाव्या असें मला वाटतें. गाडी हांकणाऱ्यानें थेंबभरही घेऊं नये. एकवीस वर्षांखालील मुलांनीं चाखण्याच्या दालनांत जाऊं नये; कायदाही तेंच सांगतो. त्यांच्याबरोबर वडील माणसांपैकीं कोणी तरी मळ्यांत राहावें. ज्यास घ्यावयाचें त्यानें भरल्या पोटीं आणि घोटानें घ्यावें. हलक्या पांढऱ्या वाइनपासून आरंभ करून तांबडीकडे जाण्याचा रिवाज आहे, आणि तोंडांतील घोट शेजारच्या भांड्यांत टाकून देणें तेथें असभ्य समजत नाहींत. ज्यास घ्यावयाचें नाहीं त्यास आग्रह करूं नये. शनिवार-रविवारीं मुंबई-पुण्याची गर्दी लोटते, म्हणून मधले वार धरावे आणि जाण्याच्या वेळा आधींच ठरवून घ्याव्या. चौथ्या दिवशीं सकाळीं आत्याबाईंकरितां त्र्यंबकेश्वर. आणि परततांना समृद्धीनें थेट घर.

परवां हा कागद मीं त्यांस वाचून दाखविला. देवगिरी, लेणीं आणि त्र्यंबक ह्यांकरितां आपण येऊं, असें त्यांनीं मान्य केलें. कारखान्यांत पाऊल टाकणार नाहीं, मळ्यांत मात्र उभी राहीन, असेंही सांगितलें. त्यावर मीं विचारलें, “मळ्यांत उभें राहून तुम्ही काय पाहणार, आत्याबाई?”

“पाहायचें काय? विचारायचें आहे,” त्या म्हणाल्या. “त्या बागवाल्याला विचारीन : भाव लावणीच्या आधीं ठरतो कीं तोडणीच्या वेळीं? आणि ठरलेला भाव दिला नाहीं, तर तूं कोणाकडे जातोस?”

कापसाच्या भावावर ज्यांची पन्नास दिवाळ्या नजर राहिली, त्यांनींच हा प्रश्न काढावा हें ओघानेंच आलें. माझ्या आराखड्यांत चार दिवस, नऊ गांवें आणि दोन हजार वर्षें होतीं. तो प्रश्न मात्र नव्हता. तिसऱ्या दिवसाच्या दुपारीं, गोवर्धनच्या ओळीखालीं, तो आतां लिहून घेतला आहे.